चौसष्ट जिन्यांखालचं पुस्तक

मीटरवाल्या काकांचं पुस्तक छापून आलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता दारासमोर रांग लागणार. रांग लागली, पण मुंग्यांची. छापखान्याने ज्या गोंदाने खोके चिकटवले होते, तो मुंग्यांना भलताच आवडला. वाचकांना मात्र अजून कशाचाच वास लागलेला नव्हता.

काकांनी एकतीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर बघितले. पूर्वी मीटर घरात असायचे, दाराच्या मागे, कपड्यांच्या खुंटीच्या वर. दर महिन्याला काका बेल वाजवून ओरडायचे, "दार उघडा, मीटर बघायचंय!" आणि एका मिनिटात आकडा टिपून बाहेर पडायचे. एका मिनिटात माणसाला काय दिसतं? सगळं दिसतं. नवरा-बायको बोलत नाहीयेत हे दिसतं, पाहुणा कंटाळवाणा आहे हे दिसतं, सासूने सुनेचं बक्षिसाचं भांडं कुठे लपवलंय तेही दिसतं. पुढे सगळे मीटर जिन्याखालच्या कपाटांत गेले आणि काकांचा हा फुकटचा खेळ बंद पडला. मग निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवेल ते सगळं लिहून काढलं आणि पुस्तकाला नाव दिलं, 'दार उघडा, मीटर बघायचंय'.

छापखानेवाला म्हणाला होता, "पाचशे प्रती तर काढाच. कमी पडल्या तर पंचाईत." कमी पडण्याची पंचाईत काही आली नाही. खोके आले ते आतल्या छोट्या खोलीत पलंगावर चढून बसले आणि पलंग मुकाट्याने वाकला.

नातेवाइकांनी प्रती नेल्या, त्या फुकट होत्या म्हणून. थोरल्या भावाने पुस्तकात आपलं नाव कुठे येतं का ते शोधलं, सापडलं नाही म्हणून परत आणून दिलं. चुलतबहीण म्हणाली, "कागद काय गुळगुळीत आहे रे!" काकूंनी तर पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले. "मी ते वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. एकतीस वर्षं जेवताना ऐकलंय तेवढं पुरे झालं."

काकांना पैसा नको होता, टाळ्या नको होत्या. एका परक्या माणसाने, भिडेखातर नव्हे, आपलं पुस्तक वाचावं आणि पुढे काय होतं म्हणून पान उलटावं, एवढंच हवं होतं. इच्छा एवढीशीच होती, पण तिने काकांची झोप उडवली होती. पन्नाशीत असताना इतका जीव त्यांनी बढतीसाठीही टाकला नव्हता.

त्यातच लेकीचा फोन आला. ती तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येणार होती, चार आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी. काकूंनी फोन खाली ठेवला आणि थेट छोट्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, बाळाला काय खोक्यावर झोपवायचं?"

"अगं, होईल काहीतरी."

"काय होईल? गेले चार महिने काही झालंय का? मी आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रद्दीवाल्याला बोलावलंय."

काकांचा चेहरा असा काही पडला की काकूंनाही थोडं वाईट वाटलं. थोडंच. "बरं, एक सांगते," त्या म्हणाल्या. "तोवर एक माणूस, एकच, जो आपल्या नात्यातला नाही, तुमच्या ओळखीचा नाही आणि ज्याच्या हातात तुम्ही स्वतः पुस्तक कोंबलेलं नाही, असा एक माणूस या दारात येऊन मला विचारू दे की पुढे काय झालं. मग ठेवा ते खोके माझ्या डोक्यावर."

हातात चार आठवडे होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे काका आपल्या मेहुण्याकडे गेले. मेहुण्याने अर्धं आयुष्य दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकली होती. त्या यंत्रांतून पाणी कमी आणि तक्रारी जास्त गळायच्या, पण बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"भावोजी, लिहिणं सोपं हो," मेहुणा म्हणाला. "खपवणं म्हणजे खरं लेखन. आणि त्याला दमडी लागत नाही, कातडी जाड लागते. जिथे माणूस ताटकळत बसतो तिथे पुस्तक ठेवा. जिथे गर्दी असते तिथे आपणच आपलं पुस्तक वाचत बसा, जोरात हसा. आणि दुकानात फोन करून मागणी वाढवा."

काकांनी सगळं केलं. एक प्रत दाताच्या डॉक्टरांकडे ठेवली. चौथ्या दिवशी तिथल्या बाईंनी ती परत दिली. म्हणाल्या, "आठव्या प्रकरणात कुत्रं चावतं ना, ते वाचून एक पेशंट दात न काढताच पळाला." केस कापणाऱ्याकडे ठेवलेली प्रत मात्र वापरात होती. लहान मुलं खुर्चीत बुटकी पडायची, तो त्यांना तिच्यावर बसवायचा. "काका, अजून दोन असतील तर द्या," तो म्हणाला, "एक पुरत नाही."

मग काका बागेतल्या बाकावर जाऊन बसले, मुखपृष्ठ लोकांना दिसेल असं पुस्तक धरून, आणि दर पानाला खो खो हसू लागले. आधी शेजारची आजी उठून गेली. मग समोरचं जोडपं गेलं. अर्ध्या तासाने एका भल्या गृहस्थाने त्यांना हळूच विचारलं, "घरचा नंबर आठवतोय का तुम्हाला?" काकू येऊन त्यांना घेऊन गेल्या.

फोनचं तर विचारूच नका. काकांनी नाजूक आवाज काढून पुस्तकाच्या दुकानात विचारलं, "ते मीटरचं गाजलेलं पुस्तक आलंय का हो?" पलीकडून दुकानदार म्हणाला, "काका, परवा तुम्ही म्हातारे होता, काल विद्यार्थी होता, आज बाई. उद्या कोण?"

दोन आठवडे असे हात दाखवून अवलक्षण करण्यात गेले. काका खचले. तोंडाने म्हणत नव्हते, पण जेवताना ते गप्प बसू लागले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काकूंना त्या घरात स्वतःचा आवाज ऐकू आला. तो त्यांना फारसा आवडला नाही.

मग एका सकाळी दाढी करता करता काकांना सुचलं. मीटरची कपाटं! त्यांच्या धंद्यात एक रीत होती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मीटरवाले एकमेकांसाठी पेन्सिलीने निरोप लिहून ठेवत. 'पालींपासून सांभाळा.' 'तळमजल्याची बाई पाणी विचारते, हो म्हणा.' 'दार खालून उचलून ढकला.' वर्षानुवर्षांचे निरोप होते तिथे. आणि फ्यूज उडाला की सगळा जिना बॅटऱ्या घेऊन कुठे गोळा होतो? त्या कपाटापाशीच. तिथे पुस्तकाचं पान लटकलेलं असेल तर माणूस वाचल्याशिवाय राहील का?

काकांनी एक प्रत उसवली. स्वतःच्या पुस्तकाची शिवण स्वतःच्या हाताने उसवताना त्यांना कसंसंच झालं, पण त्यांनी ती उसवली. एकेक पान सुटं केलं, कोपऱ्याला भोक पाडलं आणि दोरा ओवला, म्हणजे दोन्ही बाजू वाचता याव्यात. खर्च, एक रीळ. त्यांच्या जुन्या फेरीत चौसष्ट इमारती होत्या. ते त्याच क्रमाने निघाले, ज्या क्रमाने एकतीस वर्षं फिरले होते. बेकरीवरच्या इमारतीत पहिलं पान, तिच्या शेजारी दुसरं, लोहाराच्या गल्लीत तिसरं. तीन दिवस पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरले. चौसष्टावी इमारत त्यांची स्वतःचीच होती; पानं अजून उरली होती, पण इमारती संपल्या. तिथल्या कपाटात चौसष्टावं पान लटकवून ते घरात आले, मोठ्या लढाईवरून आल्यासारखे खुर्चीत बसले आणि काकूंना सगळं सांगितलं.

काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे बेकरीवर राहणाऱ्याला पहिलं पान मिळालं."

"हो!"

"आणि दुसरं पान वाचायला त्याने शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली शिरायचं."

काकांनी रिळातला उरलेला दोरा बोटाला गुंडाळायला घेतला.

"आणि आपल्या जिन्यातल्या लोकांना फक्त एकशे सत्तावीस आणि एकशे अठ्ठावीस. पुढचं नाही, मागचं नाही. अहो, चौसष्ट इमारतींच्या जिन्यांखाली ओळीने कोण शिरतं? तुमच्याशिवाय?"

असं कोणी करत नाही, हे काकांच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं ते दर महिन्याला तसंच चालले होते, त्यामुळे त्यांना वाटायचं की गाव याच क्रमाने लावलेलं आहे आणि सगळी माणसं तशीच चालतात. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघाला नाही. ते उठले आणि आडवे झाले.

पुढच्या आठवड्यात जुन्या कचेरीतल्या मित्राचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो कुरकुरला, "तुझ्या फेरीवर एक नवी पोरगी घेतलीय. चार दिवसांची फेरी, नवव्या दिवशीही संपलेली नाही. जिन्याखाली शिरते ती बाहेरच येत नाही. नक्की फोनवर बोलत बसत असणार." काका म्हणाले, "आजकालची मुलं, दुसरं काय," आणि फोन ठेवून दिला. स्वतःच्या दुःखात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याच्या कचेरीचं काय पडलेलं असतं!

शनिवार उजाडला. रद्दीवाला तराजू घेऊन दारात आला आणि त्याने पहिला खोका फाडला. काकांनी तिथे उभं राहायचा प्रयत्न केला, पण स्वतःच्या पुस्तकाचं वजन होताना बघायला छाती लागते, ती त्यांच्यापाशी नव्हती. "मी आंघोळीला जातो," म्हणून ते न्हाणीघरात शिरले. पाण्याचा नळ मोठा सोडला, म्हणजे काही ऐकू येऊ नये. अंगाला साबण लावला आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते साबणावर ढकलता आलं.

नेमकं तेव्हाच टाकीतलं पाणी संपलं. नळाने दोन आचके दिले आणि गप्प झाला. आणि काकांना दारातला आवाज स्वच्छ ऐकू आला, एका मुलीचा, धापा टाकणारा.

"काकू, तुम्ही इथेच राहता का? तुमच्या जिन्याखाली हे पान होतं. याचं पुढचं कुठे लटकवलंय?"

"कसलं पान?" काकूंचा आवाज.

"अहो, मी मीटर बघते. बेकरीपासून वाचत येतेय. आधी वाटलं कोणीतरी गंमत केलीय. मग दुसऱ्या इमारतीत दुसरं पान, तिसऱ्या इमारतीत तिसरं! एकोणिसावं उलटं लटकवलंय, मान मोडली माझी. साहेब ओरडतायत फेरी का संपत नाही म्हणून. पण हा माझा शेवटचा जिना, आणि इथे तो माणूस कपाटावर चढून बसलाय, खाली ते काळं कुत्रं, घरात दुसरं कोणी नाही, आणि पान संपलं! पुढे काय झालं?"

रद्दीवाल्याने तराजूत घालायला घेतलेला गठ्ठा हातातच धरून ठेवला. "ताई, मागचं काय होतं?" त्याने विचारलं. "कपाटावर कशाला चढला?"

न्हाणीघरात काका साबणासकट गोठले होते. आणि मग त्यांनी जे ऐकलं ते त्यांना शंभर परक्या माणसांकडून ऐकायला मिळालं असतं तरी एवढं वाटलं नसतं.

"पान एकशे एकोणतीस," काकू म्हणाल्या. "वरून चौथी ओळ. ते वीस मिनिटं वर बसतात आणि कुत्र्याला सगळ्या इमारतीचे आकडे वाचून दाखवतात. कुत्रं झोपतं. मग हे उतरतात. तो उतरण्याचा भाग बरा जमलाय. त्याआधीचा जरा लांबलाय."

"आणि मग?" मुलगी आणि रद्दीवाला एकदमच म्हणाले.

न्हाणीघराचं दार उघडलं. कमरेला टॉवेल, डोक्यापासून पायांपर्यंत फेस, अशा अवतारात काका बाहेर आले. "तू वाचलंस?" त्यांनी काकूंना विचारलं. बाकी कोणी तिथे आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. "कधी वाचलंस?"

"तुम्ही तीन दिवस जिने फिरत होता तेव्हा," काकू म्हणाल्या. "दोनदा. आता अंग पुसा, परकी माणसं आहेत."

मुलगी डोळे मोठे करून बघत होती. "काकू, हे कोण?"

"हे?" काकूंनी काकांच्या डाव्या पोटरीकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या जखमेचा अर्धगोल वण फेसातूनही दिसत होता. "हेच ते. चावलेले."

"अहो काकू!" मुलगी कळवळून ओरडली. "सांगायचं नव्हतं ना!"

रद्दीवाल्याने हातातला गठ्ठा खाली ठेवला, त्यातली एक प्रत स्वतःच्या पिशवीत टाकली आणि बाकीच्या परत खोक्यात भरायला लागला. काका मात्र तिथेच उभे होते, फेसाने डोळे चुरचुरत होते तरी उघडे ठेवून. ती मुलगी खोक्यातली एक प्रत घेऊन दाराच्या चौकटीला टेकून एकशे एकोणतिसावं पान वाचत होती, आणि तिने ते उलटलं.