आक्कांना एक चेहरा हवा होता

आक्का समोरच्याच्या हनुवटीला दोन बोटं लावायच्या आणि त्याचं तोंड खिडकीकडे वळवायच्या. विचारायच्या वगैरे नाहीत. माणूस नट असो, कवी असो, नाहीतर उद्घाटनाला आलेला पाहुणा असो, ओळख करून द्यायच्या आत त्याची हनुवटी आक्कांच्या बोटांत गेलेली असायची. मग थोडा वेळ नुसतं बघणं आणि शेवटी निकाल. "तेलकट." किंवा "बरा हाय. कान तेवढे मोठे."

माझा निकाल पहिल्याच दिवशी लागला. "कोरडी," आक्का म्हणाल्या आणि पुढे कायम त्याच नावानं मला हाक मारत राहिल्या. "ए कोरडे, चहा सांग की गं." माझं खरं नाव त्यांना माहीत असणार, पण ते वापरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. चारचौघांत "ए कोरडे" म्हणून ओरडलेलं सुरुवातीला मला झोंबायचं. नंतर सवय झाली. आता तसं कुणी हाक मारत नाही, तर तेच चुकल्यासारखं वाटतं.

दर हिवाळ्यात आमच्या शहरात आठवडाभर कलामहोत्सव भरतो. मोठी नाटकं आणि मोठी गाणी मोठ्या सभागृहात होतात. त्याच्या जोडीला आम्ही काही हौशी मंडळी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत छोटा मंच चालवतो. वर्गात एकपात्री प्रयोग, गच्चीवर कविता, सायकल स्टँडमध्ये गाणी, व्हरांड्यात चित्रं. तिथे तिकीट नाही, पडदा नाही आणि एखाद्या दिवशी प्रेक्षकही नाहीत. मी बँकेत नोकरी करते. त्या आठवड्यात रजा टाकते आणि पडद्यामागची कामं बघते. पडदाच नाही तर पडद्यामागे काय असतं, असं तुम्ही विचाराल. चौथीचा वर्ग असतो. त्याला आम्ही ग्रीनरूम म्हणतो.

या वर्गात खिडकीपाशी आक्कांचं टेबल असायचं. त्या आमच्या रंगभूषाकार. आल्या आल्या त्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरायच्या, त्यावर पेटीतले रंग, पावडर, पेन्सिली आणि स्पंज मांडायच्या, आरसा भिंतीला टेकवायच्या आणि खुर्ची पुसून ठेवायच्या. मग हात मांडीवर ठेवून बसायच्या. डॉक्टर दवाखाना उघडून बसतात, अगदी तसं.

हे काम त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. जयंतीच्या मिरवणुकीत वस्तीचा चित्ररथ निघायचा. त्यावर उभं राहणाऱ्या माणसांचे चेहरे त्यांचे वडील रंगवायचे. "बाप रंग द्यायचा, मी डबी धरायची," आक्का सांगायच्या. "मंग बापाचा हात थरथराया लागला. तवा बाप डबी धरायचा, मी रंग द्यायची." पुढे त्या चिकलठाण्याला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या. दिवसा गोळ्यांची खोकी आणि संध्याकाळी हौशी नाटकवाल्यांचे चेहरे, असं त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. वडील वारले. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. कंपनीतून निवृत्त झाल्यावर आक्का आणि त्यांची एक खोली, एवढंच उरलं.

एकदा मी विचारलं होतं, "आक्का, एकटं वाटत नाही का हो?"

"दिवसा नाय वाटत. सांजच्याला टीव्ही लावते. लई चेहरे असतेत त्यात. पर हात लावता येत नाय ना."

हे त्या हसत म्हणाल्या होत्या. मीही हसले आणि चहा सांगायला गेले.

आक्कांचा हात खरा बसला होता तो म्हातारपणावर. तरुण पोरांना म्हातारं करावं ते आक्कांनीच. लासूर स्टेशनहून एक नट यायचा, कॉलेजात शिकणारा, गालावर अजून पुरती दाढीही न आलेला. त्याला आजोबांचं काम करायचं होतं. आक्कांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "हस." तो हसला. "आता उन्हात बघितल्यावानी डोळे बारीक कर. आता रुसून बस." तो जे करील त्यानं कातडी जिथे दुमडेल, तिथेच आक्कांची पेन्सिल चालायची. "मी मनाचं काय काढत नाय बाबा. तुझं तुझ्यापाशीच हाय. मी नुसतं लवकर बाहेर काढते."

बाहेर प्रेक्षक ताटकळलेले. मी दारातून डोकावून विचारायची, "आक्का, किती वेळ?" आतून उत्तर ठरलेलं. "झालंच." हे 'झालंच' चांगलं तासभर चालायचं. माइक बिघडलाय, पाहुणे वाटेत आहेत, अशा थापा मारून मी लोकांना थोपवून धरायची. पण तो पोरगा बाहेर आला तेव्हा व्हरांड्यातल्या एका बाईंनी उठून त्याला बसायला जागा दिली. आक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मान रंगवायची ऱ्हायलीच होती."

पुढे नाटकं बदलली. पोरं बदलली. आता जी मंडळी छोट्या मंचावर येतात, ती रोजच्या कपड्यांत येतात आणि आहे त्या तोंडानं उभी राहतात. त्यांचं तसंच असतं आणि ते मला आवडतंही. एका एकपात्रीवाल्या मुलीनं आक्कांना समजावून सांगितलं, "आक्का, आम्ही चेहऱ्याला काही लावत नाही. आम्हाला खरं दिसायचं असतं."

"खरं व्हय?" आक्कांनी तिची हनुवटी खिडकीकडे वळवली. "मंग भुवया कोरून आलीस ती कशाला?"

मुलगी खळखळून हसली. खुर्चीत मात्र बसली नाही.

हळूहळू असं झालं, की पोरं आक्कांकडे यायची ती सेफ्टी पिन मागायला. त्यांच्या आरशात बघून फोटो काढायची. टेबलाशेजारी प्लग होता, तिथे मोबाइल चार्जिंगला लावून "आक्का, जरा लक्ष ठेवा हं" म्हणून जायची. आक्का लक्ष ठेवायच्या. संध्याकाळी टॉवेल घडी करताना तो सकाळइतकाच पांढरा असायचा. मला ते बघवायचं नाही.

आमच्या समितीतल्या एका भल्या माणसाला वाटलं, आक्कांना काम द्यावं. त्यानं अंगणात लहान मुलांचे चेहरे रंगवायचा स्टॉल टाकला. गालावर फुलपाखरू, नाकावर मांजर, असलं काहीतरी. आक्का गेल्या. पहिलीच एक पाच-सहा वर्षांची मुलगी आली. तिची आई फुलपाखरू सांगून कविता ऐकायला गच्चीवर गेली. परत येऊन बघते तर लेकीच्या जागी एक म्हातारी बसलेली. गाल बसलेले, कपाळावर आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या.

"अहो, मी फुलपाखरू सांगितलं होतं!"

"फुलपाखराला चेहरा कुठं असतो बाई?" आक्का खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या. "ही खुर्चीत बसली, मी बघितलं, आन् हीच दिसली."

आई चिडली. मुलगी मात्र तोंड धुवायला तयार होईना. काठी मागायला लागली आणि कमरेवर हात ठेवून अंगणभर खोकत फिरली. स्टॉल त्याच दिवशी बंद झाला. आक्का पुन्हा चौथीच्या वर्गात येऊन बसल्या. मी चिडवलं तर गाल फुगवून म्हणाल्या, "लई गुणी चेहरा होता. दोन मिंटं दिली असती तर दातबी पाडले असते."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांना येणारं काम आता कुणालाच नको असतं, पण ते विसरणं काही त्यांना जमत नाही. आक्का कुठेही असल्या तरी बघत असायच्या. रिक्षावाल्याकडे, भाजीवाल्याकडे, भाषण करणाऱ्या पुढाऱ्याकडे. "याला जबडा हाय," असं मधेच पुटपुटायच्या. त्यांची बोटं मांडीवर हलत असायची.

दोन वर्षांमागे समितीची बैठक झाली. साउंडवाल्यांना सामान ठेवायला बंद खोली हवी होती. मेकअप कुणी मागतच नाही, तेव्हा पुढच्या वर्षापासून चौथीचा वर्ग त्यांना द्यावा, असं ठरलं. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. आक्कांना कळवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बँकेतल्या लोकांना वाईट बातमी गोड बोलून सांगता येते असा लोकांचा समज असतो.

मी सांगितलं. गोड वगैरे काही जमलं नाही. आक्कांनी ऐकून घेतलं आणि पावडरचा डबा टॉवेलच्या रेषेत सरळ केला.

"म्हंजे यंदाचा सण तर हाय ना आपला?"

"आहे की."

"मंग एक कर. मला एक चेहरा दे. नीट बसणारा, घाई नसलेला. एकच. मंग मी पेटी बंद करते."

एक चेहरा. आठवडाभर शाळेत शेकडो माणसं येणार होती. मला वाटलं, एवढं काय अवघड आहे? मी एकपात्रीवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "ताई, माझं सगळं बसवलेलं मोडेल हो." सायकल स्टँडमध्ये गिटार आणि ढोलकी घेऊन गाणाऱ्या पोरांना विचारलं. ती एकमेकांकडे बघून लाजायलाच लागली. फुलंब्रीहून एक कीर्तनाच्या चालीवर नाटक करणारा गट आला होता. त्यांना शेवटच्या बसनं परत जायचं होतं. शेवटी मी एका कवींना गाठलं, सगळी हकीकत सांगितली आणि अक्षरशः गळ घातली. ते येऊन बसले. आक्कांनी हनुवटी धरली, बघितलं आणि बोटं काढून घेतली.

"उठा भाऊ."

"का हो आक्का? बसतो की."

"तुमी माझ्यासाठी बसलाव. असला चेहरा घट्ट ऱ्हातो. रंग धरत नाय."

कवी उठले. त्याच संध्याकाळी गच्चीवर त्यांनी आक्कांवर एक कविता वाचली आणि तिला टाळ्याही पडल्या. आक्का ऐकायला गेल्या नाहीत. मला मात्र राग आला, कवींचा थोडा आणि आक्कांचा जास्त. मागायचं आणि आणून दिलं की परत पाठवायचं, हा काय प्रकार?

शेवटच्या दिवशी दुपारी माझे पाय भरून आले होते. सकाळपासून बाकडी ओढत होते. वर्गात आले, चपला काढल्या आणि पुढ्यात जी खुर्ची दिसली तिच्यात बसले. ती आक्कांची होती हे बसल्यावर लक्षात आलं. मी डोळे मिटले. मला कुणाचं भलं करायचं नव्हतं, फक्त दोन मिनिटं बसायचं होतं.

हनुवटीला दोन बोटं लागली.

"आक्का, मला कुठं नाटकात जायचंय?"

"गप. हस जरा. आता तुझ्या त्या सायबावर चिडतीस तशी चीड."

मी चिडले. त्यासाठी मला फारसे कष्ट पडत नाहीत. मग गार स्पंज कपाळावरून फिरला. गच्चीवर कुणीतरी कविता वाचत होतं, खाली ढोलकी जुळवणं चाललं होतं. आक्कांचा तळहात माझ्या गालाला टेकलेला होता आणि पेन्सिल डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूहळू बाहेर येत होती. आई गेल्यापासून माझ्या चेहऱ्याला कुणी असा हात लावला नव्हता, हे मला त्या खुर्चीत कळलं. मी एकटी राहते, त्याचं मला काही वाटत नाही असं सगळ्यांना सांगते, बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्या वेळी मला रडू आलं.

"रडू नको गं. ओघळतंय."

"बरं."

"झालंच."

ते झालं तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. मी आरशाकडे हात केला. आक्कांनी आरसा उचलला आणि टॉवेलवर पालथा घातला.

"बघू द्या की आक्का."

"तुला कशाची घाई? तुला दिसंलच की फुडं, रोज. मी नसंन तवा. मला बघू दे."

दुसरी खुर्ची ओढून त्या माझ्यासमोर बसल्या आणि बघत राहिल्या. मी इतकी वर्षं त्यांना चेहऱ्यांकडे बघताना पाहिलं होतं, पण तेव्हा त्या चूक शोधत असायच्या, काय राहिलंय ते बघत असायच्या. आता तसं नव्हतं. खूप दिवसांनी लेक माहेरी यावी आणि तिला नुसतं बघत बसावं, तशा त्या बसल्या होत्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मीही त्यांच्याकडेच बघितलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"ब्येस हाय. जरा खडूस हाय, पर ब्येस हाय." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "भेटले बाई तुला. बरं झालं."

त्यांनी कापसावर खोबरेल घेतलं आणि स्वतःच्या हातानं सगळं पुसून काढलं, कानामागचंसुद्धा. मी तोंड धुऊन आले तोवर पेटी बंद झाली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात आक्का गेल्या. ताप आला, अंगावर काढला आणि चार दिवसांत संपलं. मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. हिवाळ्यात महोत्सव झाला. चांगला झाला.

आता माझ्या ओठाच्या डाव्या बाजूला एक रेघ पडायला लागली आहे. सकाळी दात घासताना ती दिसते. आक्कांनी काढली होती ती हीच का, ते मला सांगता येत नाही. तिच्या शेजारी आणखी रेघा येतील, गाल बसतील आणि कधीतरी ती बाई पुरती तयार होईल. तिला बघायला घरात कुणी नसेल, याची मला पूर्वी भीती वाटायची. अजूनही वाटते. पण एका दुपारी, ऊन कलेपर्यंत, एका माणसानं तिला डोळे भरून बघून घेतलं आहे. ती दिसते कशी, हे मात्र आता विचारायला कुणी नाही.