थर्माकोलची खोली

दशरथची उमेदीची सगळी वर्षं धग अडवण्यात गेली. हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात तो मासळी ठेवायच्या थंड खोल्या बांधायचा. भिंतीला डांबर, त्यावर थर्माकोल आणि सांधा असा बुजवायचा की मुंगीलासुद्धा वाट मिळू नये. अठ्ठ्याऐंशी सालापासून हेच करून करून माणूस पार पिचला होता.

आणि स्वतः राहायचा कुठे, तर इंद्रलोक नावाच्या वस्तीत, थेट गच्चीखाली! उन्हाळ्यात स्लॅब तापला की अंगाची नुसती लाही लाही. बायको आनंदी दिवसभर स्टोव्हपुढे बसून डब्यांच्या पोळ्या लाटायची. मागच्या उन्हाळ्यात भोवळ येऊन पडली होती. यंदा तिने सांगून टाकलं, "अहो, एवढा उन्हाळा बघते. नाहीतर गुहागरला जाते, ती कायमची." आनंदी उगाच बोलणाऱ्यातली नव्हे.

गाळ्याच्या मालकाला विचारून दशरथने थर्माकोलचे उरलेले तुकडे आणले आणि घराला लावले, अगदी गाळ्यातल्यासारखे. हाताला वळणच तसं, म्हणून या पठ्ठ्याने वरचे झरोकेसुद्धा बुजवले. खिडकी एकच, तीही वाऱ्याने स्टोव्ह विझतो म्हणून बंद. कामावरून आला की स्टुलावर चढून छताला हात लावायचा आणि गार लागलं की खूश व्हायचा. आनंदी म्हणायची, "दुपारी जीव गुदमरतो हो." होईल सवय, असं म्हणून तो जेवायला बसायचा.

एरवी तो सुट्टीतही ओव्हरटाइमला जायचा. एका शुक्रवारी काम नव्हतं, म्हणून दुपारचा घरी राहिला. पोळ्यांची पहिली चळत व्हायच्या आतच घामाने निथळला. ऊन बाहेर अडलं होतं हे खरं, पण स्टोव्हची धग जाणार कुठून? गाळ्यातल्या खोलीला आतली धग ओढायला मशीन असतं. इथे ती सगळी आनंदी सोसत होती. तो धापा टाकत दाराबाहेर गेला.

"बसा बाहेरच," ती मान वर न करता म्हणाली. "माझं काय, रोजचंच आहे."

दशरथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थर्माकोल कापायचं पातं घेऊन तो स्टुलावर चढला आणि झरोके मोकळे करायला लागला.

"आता राहू द्या. सुभाषला निरोप धाडलाय, तो न्यायला येतोय."

सुभाष तिचा भाऊ. ती रागावली नव्हती. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं तिच्यात. तिने डबे पोचवले, पिशवी भरली आणि भावाबरोबर एस.टी.ला निघून गेली.

संध्याकाळी मोकळ्या केलेल्या झरोक्यांतून खाडीवरचा वारा आला. खोली खरंच गार झाली. दशरथ स्टोव्हपुढे काडेपेटी घेऊन बसून राहिला, पण एकट्यासाठी पेटवायला हात उचलेना.