सरलाबाईच्या पेटीतला कागद

सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या वसाहतीत बिल्डिंगा सात आणि पाण्याची मोटर एकच. तीन वर्षं आम्ही बायका नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटत होतो. मीही काही कमी नव्हते, खोटं कशाला बोलू! शेवटी करार लिहिला: प्रत्येक बिल्डिंगला रोज एक तास. पाच बिल्डिंगांच्या सह्या झाल्या की दुसऱ्या सकाळपासून लागू. सही नाही त्यांना उरलंसुरलं.

कागद ठेवायचा कुणाकडे? सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, सरलाबाई. घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवणारी धुळ्याची बाई. स्वतःच्या नवऱ्यालाही एकदा नळाच्या रांगेतून मागे हाकललं होतं तिने. मूळ कागद पेटीत सांभाळायचा, सगळ्यांना झेरॉक्स द्यायची, नवी सही झाली की त्याच दिवशी सातही बिल्डिंगांना कळवायचं, एवढंच तिचं काम.

कायदा शिकणारी आमची सोनाली म्हणाली, "मावशी, देशादेशांच्या करारांनाही असा सांभाळणारा असतो. डिपॉझिटरी म्हणतात. त्याने कुणाची बाजू घ्यायची नसते."

"मंग त्याना घरमा बी भांडण व्हतस का?" सरलाबाईने विचारलं.

कारण तिच्याच बिल्डिंगचा पुढारी, तिचा नवरा भिकन, अडून बसलेला. पहिला तास आम्हाला द्या, मगच सही!

मंगळवारी दुपारी चार नंबर बिल्डिंगच्या सुकदेवने तिच्या घरी येऊन पाचवी सही केली. तो जाताच भिकन म्हणाला, "आठ दिवस कुणाले सांगू नको. तवर मी सगळ्यासले वाकाडस. नहीतर उद्यापासून आपलाच हंडा रिकामा!"

खरंच होतं ते. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बाईचा गुडघा दुखरा.

"हाऊ कागद मनाकडे शे, मना नही." कागद तिच्याकडे होता, पण तिचा नव्हता. तिने चपला घातल्या. सातही जिने चढली. माझ्या दारात धापा टाकत म्हणाली, "छाया, पाच झाल्या! उद्यापासून लागू." मला रडूच फुटलं.

सकाळपासून सही केलेल्या पाच बिल्डिंगांना आपापल्या तासाला पाणी धो धो! शिवी नाही, भांडण नाही. सरलाबाई खाली ओट्यावर, मांडीवर पेटी, शेजारी रिकामा हंडा. घरात लग्न असल्यासारखी हसत होती.

"अगं, माझ्यातलं घे," मी म्हटलं.

"नही. आमनी सही नही."

तोवर सहा नंबरच्या मालतीबाई सहीला येऊन उभ्या. मागून भिकन बनियनवर धावत आला, तोंडाला साबण तसाच, घरातली बादली कोरडी. "सरला, कागद काढ! पेन दे!"

सरलाबाईने शांतपणे पेटी उघडली.

"लाइनमा ऱ्हावा. मालतीबाईना नंबर पहिले शे."