फोनमध्ये दिसलेलं घर

रॉटरडॅमला निघालो त्या दुपारी आई कळव्याच्या आमच्या बिल्डिंगखाली उभी होती. बॅगा टॅक्सीत चढल्या तरी तिचं चालूच, "जॅकेट वर ठेव रे. आणि इकडची काळजी नको, मी आहे ना." बाबा काही वर्षांपूर्वीच वारलेले. शेजारच्या म्हात्रे काकींनी तिचा हात धरलेला.

सुरुवातीला कळव्याच्या बातम्या मला आईच द्यायची. कोणाचं लग्न ठरलं, बाजारात कुठली मासळी आली, पत्त्यांत काकी कशा हरल्या. मग एकदा फोनवर आमच्या भागात पाणी तुंबल्याचा व्हिडिओ दिसला. घाबरून मी तो पुन्हा पुन्हा बघितला. त्यानंतर फोनने दुसरं काही दाखवलंच नाही. पडलेला स्लॅब, चेन खेचणारे, उघडी गटारं. सकाळी ट्रॅममध्ये बसलो की तेच. त्यातले कितीतरी व्हिडिओ भलत्याच गावचे असतील, मी कधी तपासलं नाही.

"आई, घर विकू. तू ताईकडे नाशिकला जा."

"अरे, इथे कोणाला काही झालेलं नाही."

"तुला नाही माहीत. मी रोज बघतो."

सगळा संसार कळव्यात केलेल्या बाईला मी हे युरोपात बसून सांगत होतो. वर्षभर सांगत राहिलो. शेवटी थकून ती हो म्हणाली. घर विकलं, ती ताईकडे गेली.

या दिवाळीत आलो तेव्हा आधी एकटाच कळव्याला गेलेलो. बिल्डिंगला नवा रंग लागलेला, खाली पोरं किल्ला करत होती. काकींनी मला बघितलं आणि पहिलं हेच विचारलं, "तुजी आय कवा येते रं? पत्ते तसेच परलेत."

नाशिकला पोचलो तर आई सोफ्यावर फोन घेऊन बसलेली. ताई ऑफिसला जाते, खाली ओळखीचं कोणी नाही. म्हटलं, "काकी बोलावतायत. उद्या जाऊन येऊ?"

तिने फोन माझ्यासमोर धरला. कुठल्या तरी रस्त्यावर मारामारी चाललेली, वर नाव कळव्याचं.

"नको रे बाबा. तू वेळेत बाहेर काढलंस मला," ती म्हणाली आणि मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

माझ्यासारखंच बाहेर गेलेल्यांनो, घर कुठलं असं इकडे रॉटरडॅमला कोणी विचारलं की मी अजूनही पटकन कळवा म्हणतो. आईला विचारलं तर ती उत्तरासाठी माझ्याकडे बघते.