हिलरीचा अर्धा तास

सोमवारपासून जयरामला घरात बसवत नव्हतं. बोळिंजच्या दोन खोल्यांत तो नुसत्या येरझाऱ्या घालत होता. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षं तो इथल्या एका साप्ताहिकात गूढ शब्दकोडं देत आला होता. त्या सोमवारी संपादकांनी सरळ सांगितलं, "दोन आठवडे एकही बरोबर उत्तर नाही. या वेळीही तसंच झालं, तर कोडं बंद."

हे त्याला पटेचना. दोन्ही कोडी हिलरीने अर्ध्या तासात सोडवली होती! जवळच्याच सांडोर गावचा हिलरी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दर बुधवारी आपल्या केळीच्या बागेत तो कोडं सोडवायचा आणि जयराम घड्याळ बघायचा. दहा मिनिटांत सुटलं तर फुसकं, पाऊण तासावर गेलं तर वाचकावर अन्याय. उत्तर कळल्यावर माणसाने कपाळावर हात मारावा, कोडंवाल्याच्या नावाने खडे फोडू नयेत, एवढाच त्याचा कायदा.

शेवटी न राहवून त्याने नवं कोडं समोरच्या ऋतिकाला दिलं. साताऱ्याची पोर, दोन वर्षांपूर्वी इथे आलेली, हुशार. एका ओळीवर ती अडली ती अडलीच. 'भरतीत नदी झाली गरीब, दोन अक्षरं.' जयरामच्या जिवाची नुसती तगमग चाललेली.

"काका, भरतीत पाणी वाढेल ना? नदी गरीब कशी होईल?"

"अगं, भरतीला खाडीचं पाणी उलटं फिरतं. तशी 'नदी'ची अक्षरं उलटी फिरव. दीन."

"खाडी मी फक्त पुलावरून बघितलीये, काका. हे मला कसं कळणार?"

जयरामची कानशिलं तापली. लहानपणी खाडीकाठच्या शेताच्या बांधावर बसून ते उलटं पाणी त्याने आणि हिलरीने रोज बघितलं होतं. हिलरीचा अर्धा तास मोजताना त्याने ती सगळी वर्षं धरलीच नव्हती. लबाडी नव्हती, पण वाचकावर अन्याय होताच. त्याने ओळ खोडली, नवी लिहिली, आणि ती ऋतिकाला सुटल्यावरच सांडोर गाठलं.

हिलरीने सवयीने हात पुढे केला. "आण. पेन हाये माझ्याकडं."

"या वेळी शेजारच्या मुलीकडून तपासून घेतलं. भरतीचं उलटं पाणी तिला ठाऊकच नव्हतं. यापुढेही तिलाच देणार. ज्याला खाडी ठाऊक नाही, त्याला सुटलं पाहिजे."

हिलरीने पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "बराबर हाय. पानी उलटं फिरतं, हे आता कोनाला ठावं?"

जयरामला फार वाईट वाटलं. चौदा वर्षं आपण वाचकांसाठी लिहीत नव्हतो, या एका माणसासाठी लिहीत होतो, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"हिलरी, तुला कोडं आवडायचं ना रे?"

"कोड्याचं सोड," हिलरी म्हणाला. "तू बुधवारी येशील का नाय, ते सांग."