आमच्या दाराशेजारचा निळा बिबट्या

मंडळी, सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतीय, म्हणून लिहितोय.

शिरूरला आमचा फ्लॅट ज्या बिल्डिंगीत हाय, तिचं काम बिल्डरनं अर्धवट सोडलंय. आता तिथं पुण्याची पोरं भिंती रंगवत्यात आन् लोकं फोटो काढायला येत्यात. आई म्हणाली, मला बघायचंय. आज निमोण्याहून तिला घेऊन गेलो.

आमच्या दाराशेजारी भलामोठा निळा बिबट्या काढलेला. त्याच्या पोटापाशी थोडी भिंत कोरी ठेवलेली आन् तिथं हळदीचे दोन हात. चौकट बसवली तवा पूजेला आईनंच उमटवलेले.

रंगवणारी पोरगी म्हणाली, "काकू, हे कुणीतरी आधीच केलंय. इतकं भारी आर्ट, म्हणून आम्ही त्यावर रंग नाही मारला."

"माझंच हाय ते," आई म्हणाली.

पोरगी जाम खूश. ब्रश पुढं करून म्हणाली, "मग खाली सही करा ना!"

आईनं हात पदराखाली घेतला. "सही नगं बाई. बिल्डरच्या कागदावर केली तेवढी बास."

पोरगी नुसतीच हसली. तिच्यावर चिडावं, तर सगळ्या बिल्डिंगीत आमचं तेवढंच कुणीतरी जपलं होतं, ते तिनंच.

तुम्ही काय बोलला असता?