नकाशावरची घाण

मंगळवारी सकाळी बाबा वारले. ते भूमापक होते.

तेरावं झाल्यावर आईने एक गुंडाळी माझ्या हातात दिली. अंधेरीजवळच्या एका गावठाणाचा नकाशा, बाबांनी स्वतःसाठी उतरवून घेतलेला. आमचं वाचनालय उपनगरांतल्या जुन्या गावांचे नकाशे संगणकावर जतन करत होतं. त्यात हाही जावा, असं तिचं म्हणणं. मला हवं होतं ते त्यावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं. ‘येथे कुत्रा चावतो, विहिरीकडून यावे.’ ‘फणस. मालक प्रेमळ, पण फणस देत नाही.’ ‘या घरी चहा घेऊ नये.’

एवढा मोठा कागद घेणारं यंत्र वाचनालयाकडे नव्हतं, ते साकीनाक्याच्या एका गाळ्यात मिळालं. तिथला माणूस कारखान्यांचे आराखडे स्कॅन करायचा.

“ताई, कागदाचा पार पापड झालाय. एकदाच जाईल हं.”

कागद एका बाजूने आत गेला आणि दुसरीकडून सहा तुकडे होऊन आला. रुळांनी पेन्सिल फासून टाकली होती. अक्षर म्हणून काही वाचता येईना. मी घाईने पडद्याकडे पाहिलं. तिथे रेघा स्वच्छ, बाकी सगळं पांढरं.

“घाण काढून टाकली. झकास ना?”

“दादा, ती घाण माझ्या वडिलांचं अक्षर होतं. ते गेले हो.”

त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाला, “आधी सांगायचं ना! मूळ फाइल असते. रडू नका, कीबोर्ड भिजेल.”

त्यानंतर मात्र एकेक ठिपका पुसायलाही त्याचा हात धजेना.

“हा कुत्रा?”

“ठेवा.”

“हे गोल? तळं?”

“कपाचा डाग. ठेवा.”

“आणि हे देऊळ?”

मी चष्मा कपाळावर सरकवून वाकले. चिरडलेला डास होता. त्या नकाशाला बाबांखेरीज कुणी हात लावत नसे, तेव्हा तो त्यांनीच मारलेला असणार.

“ठेवा.”

“वाचनालयवाले विचारतील, हा कुठल्या मोजणीतला डास?”

दीड महिन्यात मी पहिल्यांदा हसले, तेही इतक्या मोठ्याने की शेजारच्या गाळ्यातला वेल्डर डोकावून गेला.

वाचनालयाने नकाशाची फाइल डासासकट जशीच्या तशी ठेवून घेतली. कागदावरचं लिखाण गेलं. फाइलमध्ये बाबांचं अक्षर आहे.